मागच्या चाकांची स्पोर्ट्स कार आणि बर्फ: मुलीसाठी सल्ला हवा आहे

वडाळाकर | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी ३१ वर्षं बेस्टमध्ये बस चालवली, आता निवृत्त आहे. धाकटी मुलगी नोकरीसाठी अमेरिकेत सिरॅक्यूजला असते. राज्य न्यूयॉर्क, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीने चारेक तास वर. जूनमध्ये तिने तिथे एक वापरलेली माझदा एमएक्स-५ घेतली. २०१७ ची आहे, दोन सीटची, कापडी टपाची, हाताने गिअर टाकायची आणि मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनची ओढ फक्त मागच्या चाकांना. गाडी लाल आहे. फोटो पाहून मलाही बरं वाटलं, कारण पोरीला गाड्यांचं वेड माझ्यामुळेच लागलं.

आता ऑक्टोबर लागला. सिरॅक्यूजला हिवाळ्यात सरासरी तीन मीटरच्या वर बर्फ पडतं असं वाचलं आणि झोप उडाली. तिच्याकडे दुसरी गाडी नाही. ऑफिस ९ किलोमीटरवर, मध्ये चढ आहे. ती म्हणते, "बाबा, काळजी करू नका, इथे सगळे चालवतात."

मी बर्फावर कधी गाडी चालवलेली नाही. पण मागच्या चाकांची गाडी घसरते म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. जून महिना, पहिला पाऊस, रात्रीची शेवटची फेरी, बस रिकामी. वळणावर ब्रेक जरा जास्त लागला आणि बसचं मागचं अंग सरळ बाजूला निघालं. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. ती घटना आजही अंगावर येते.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बर्फावर अशी गाडी नेमकी कशी वागते, आणि तिने काय केलं म्हणजे ती सुरक्षित राहील. "विकून टाक" एवढंच लिहू नका, का विकायची तेही लिहा. मला तिला कारण सांगावं लागेल.

---

रानमेवा | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

काका, तरीही माझं मत तेच आहे. विकायला सांगा आणि चारही चाकांवर चालणारी सुबारू घ्यायला सांगा. माझा मामेभाऊ मिनेसोटात आहे, त्याच्या गल्लीत अर्ध्या गाड्या त्याच आहेत. चढावर अडकायची भीती नाही. एकट्या राहणाऱ्या मुलीने भर थंडीत रस्त्यावर अडकणं मला तरी बरं वाटत नाही.

---

तुषारकण | ५ ऑक्टोबर, पहाटे ५:०५

वडाळाकर काका, मी मूळची डोंबिवलीची, ११ वर्षं कॅनडात मॉन्ट्रियलला आहे. त्यातले पाच हिवाळे टोयोटा ८६ चालवली. तीही मागच्या चाकांची, तशीच हलकी, तशीच बुटकी. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी टायर. बाकी सगळं त्याच्या नंतर. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. शून्याच्या खाली तर ते रस्त्याला धरतच नाही, मग गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फात दात रोवतात. मुलीला टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण बघायला सांगा. ती खूण बर्फावर चाचणी झालेल्या टायरलाच मिळते. नुसतं "एम अधिक एस" (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, त्याला अशा चाचणीची अट नाही.

आमच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. तिच्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून बरेच लोक टाळतात. तिने टाळू नये.

आता रानमेवांचा मुद्दा. चार चाकांची ओढ गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. मी दर हिवाळ्यात हायवेच्या कडेच्या खड्ड्यात गेलेल्या गाड्या बघते, त्यात उंच, चार चाकांवर चालणाऱ्या भरपूर असतात. सुरुवातीला गाडी इतकी सहज पळते की रस्ता किती निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. मागच्या चाकांची गाडी ते पहिल्या सिग्नललाच सांगते.

---

वडाळाकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, खूप आभार. थांबायला किती अंतर जास्त लागतं याचा काही हिशेब आहे का? आम्हाला प्रशिक्षणात अंतरावरच सगळा भर असायचा.

आणि टायर महाग आहेत म्हणे. ओढणारी चाकं मागची, मग मागचे दोनच बदलले तर?

---

गतीज | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

काका, हिशेब मी करून देतो, भौतिकशास्त्र शिकवतो. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गावर आणि रस्त्याच्या घर्षणावर ठरतं. ताशी ५० किमी वेग धरा आणि तुमची १२ मीटरची बस मोजपट्टी म्हणून घ्या. चालकाला धोका लक्षात यायला लागणारा वेळ सोडून, नुसतं ब्रेक लागल्यापासूनचं अंतर सांगतो.

कोरडा डांबरी रस्ता, घर्षणांक ०.८: सुमारे १२ मीटर, म्हणजे एक बस.
दाबलेलं बर्फ, ०.२५: सुमारे ४० मीटर, म्हणजे तीन बसहून जास्त.
काचेसारखा गोठलेला रस्ता, ०.१: जवळपास १०० मीटर, म्हणजे आठ बस एकामागे एक उभ्या केल्या तेवढं.

वेग निम्मा केला की अंतर चौथाई होतं. ताशी २५ ला त्याच गोठलेल्या रस्त्यावर २५ मीटर. म्हणून वेग कमी करण्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही.

आणखी एक, कमी लोकांना ठाऊक असतं. सगळ्यात निसरडा बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ जास्त धरतो. म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा "आज जरा बरं आहे" असं वाटणारा दिवस अधिक घातक असू शकतो.

---

पिस्टन | ५ ऑक्टोबर, दुपारी १:०५

माहीमला गॅरेज आहे माझं. दोन टायर बदलायची चूक करू देऊ नका काका. मागे पकड आणि पुढे गुळगुळीत, अशी गाडी वळणारच नाही, ब्रेक मारला तर नाक सरळ पुढे जाणार. चार म्हणजे चार. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा: त्या मॉडेलच्या साध्या प्रकारात १६ इंची चाकं येतात, टायरचं माप १९५/५०. भारी प्रकारात १७ इंची. तिची १७ ची असतील तर १६ ची वापरलेली रिम घेऊन त्यावर हिवाळी टायर बसवून ठेवायचे. लहान साइजचा टायर स्वस्त पडतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो, आणि दर मोसमात टायर रिमवरून उतरवायला लागत नाही. एप्रिलमध्ये अख्खी चाकं बदलायची, झालं.

हवेचंही सांगतो. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. पंचविसाला भरलेली हवा उणे दहाला सहाएक पीएसआयने कमी दिसणार. थंड टायरवर मोजायची.

---

कुर्ला१०८९ | ५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

या धाग्यावर लिहायलाच हवं होतं. माझ्या वडिलांची टॅक्सी होती, प्रीमियर पद्मिनी. आपल्या कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन पुढे, गिअरचा दांडा स्टेअरिंगला, ओढ मागच्या चाकांना. म्हणजे हे सगळं शहर कित्येक वर्षं मागच्या चाकांवरच पावसात फिरलं. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्या दिवशी वडील दिवसभर गप्प होते.

त्यांनी मला गाडी शिकवली ती जुलैमध्ये, मुद्दाम. म्हणायचे, पायाखाली अंडं आहे असं समजून रेस दे. पहिल्यावर गाडी उठवताना मागचं चाक फिरायला लागलं तर दुसऱ्यावर उठवायची. पेव्हर ब्लॉक आणि झेब्रा पट्ट्यांवर ब्रेक लावायचा नाही, तो आधीच लावून सोडायचा. बर्फाचं मला माहीत नाही, पण दुसऱ्या गिअरची युक्ती तिकडेही लागू पडेल असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

---

तुषारकण | ६ ऑक्टोबर, पहाटे ४:४०

कुर्ला१०८९, शंभर टक्के लागू पडते. मी पाच वर्षं बर्फात गाडी दुसऱ्यावरच उठवली. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

---

घाटवाट | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:००

दिक्की रिकामी ठेवू नका असं ऐकलंय. वाळूची पोती मागे टाकली की मागच्या चाकांवर वजन येतं. तिकडचे पिकअपवाले हमखास करतात.

---

वडाळाकर | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:३५

हे मला पटतं. आमची रिकामी बस मागून उडायची, भरलेली बस रस्त्याला चिकटून चालायची. तिला दोन पोती टाकायला सांगतो.

---

पिस्टन | ६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

काका, थांबा. पिकअपचं आणि या गाडीचं गणित वेगळं आहे. पिकअपचं सगळं वजन पुढे असतं, मागे रिकामा पत्र्याचा हौद. तिथे पोती कामाची. एमएक्स-५ चं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं आहे आणि सगळी गाडीच जेमतेम १०६० किलोची. तिची दिक्की मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. तिथे ८०-१०० किलो टाकलं की दोन गोष्टी होतात. पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टेअरिंगला पकड कमी. आणि मागचा भाग एकदा फिरायला लागला की लंबकासारखा फिरत राहतो, थांबवायला जास्त कठीण. वस्तुमान वाढलं की ब्रेकलाही जास्त झगडावं लागतं.

फार तर एक २० किलोची पिशवी, ॲक्सलच्या जितकी जवळ जाईल तितकी, पट्ट्याने बांधून. सुटी नको, धडक बसली तर तीच अंगावर येते. आणि वाळू कोरडीच ठेवायची. गाडी अडकली तर चाकाखाली टाकायला तीच वाळू उपयोगी पडते, त्यासाठी मी म्हणेन ठेवाच.

---

वडाळाकर | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

समजलं. बरं झालं विचारलं, नाहीतर चुकीचं सांगितलं असतं.

मग अजून एक तपासून घेतो. मी तिला कालच सांगितलं की उतारावर ब्रेक मारू नकोस, गिअर खाली टाक, इंजिन गाडी धरून ठेवेल. घाटात आम्ही हेच करायचो. हे तरी बरोबर आहे ना?

---

तुषारकण | ७ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

काका, अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं या गाडीत घात करू शकतं. म्हणून नीट सांगते.

मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनचा ब्रेक फक्त मागच्याच चाकांना लागतो. कोरड्या घाटात चालतं. बर्फावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर टाकून क्लच पटकन सोडला तर मागची चाकं क्षणभर जवळजवळ अडतात. हँडब्रेक ओढल्यासारखंच. पुढची चाकं फिरताहेत, मागची घसरताहेत, आणि गाडी गिरकी घेते. माझी एकदा अशीच फिरली, मॉन्ट्रियलच्या एका उतारावर, आणि मी उलट्या दिशेला तोंड करून थांबले. समोरून कोणी येत नव्हतं.

म्हणून गिअर खाली टाकायचा तो उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर, वेग आधीच कमी करून, आणि क्लच हळू सोडून. उतारावर मग त्याच गिअरमध्ये राहायचं आणि ब्रेकचा हलका दाब. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं अडू न देणारी यंत्रणा, आहे, पाय थरथरला तर घाबरायचं नाही, दाब कायम ठेवायचा.

आणि तरीही मागचं अंग निघालंच तर: मागचा भाग उजवीकडे गेला तर स्टेअरिंगही उजवीकडे, डावीकडे गेला तर डावीकडे. क्लच दाबायचा, म्हणजे मागची चाकं मोकळी फिरतात आणि पुन्हा रस्ता धरतात. ब्रेक नाही. नजर जिथे जायचंय तिथे, ज्या झाडाची भीती वाटते त्याच्यावर नाही, कारण हात नजरेमागे जातात. गाडी सरळ यायला लागली की स्टेअरिंगही लगेच सरळ करायचं. लोक पहिली घसरण वाचवतात आणि इथे चुकतात, स्टेअरिंग वळलेलंच राहतं आणि गाडी उलट्या बाजूला दुप्पट जोराने फेकली जाते.

तिच्या गाडीत घसरण सावरणारी यंत्रणा आहे. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सगळ्या नव्या कारना सक्तीची आहे. ती बंद करायची नाही. एकच अपवाद: गाडी बर्फात रुतली तर ती यंत्रणा चाकांची ताकद कापते, तेव्हा तेवढ्यापुरती बंद करून गाडी पुढे-मागे झुलवत काढायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा चालू.

हे सगळं वाचून येत नाही. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखादा मोठा, रिकामा, खांब नसलेला पार्किंगचा पट्टा शोधायचा, परवानगी घ्यायची, आणि ताशी २० च्या वेगाने मुद्दाम घसरवायची. हाताला सवय व्हायला हवी.

---

गतीज | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

पुलांचा उल्लेख राहिला. पुलाच्या खालूनही थंड हवा वाहते, त्याला जमिनीची ऊब मिळत नाही. त्यामुळे पुढचा-मागचा रस्ता नुसता ओला असताना पुलावर बर्फाचा पारदर्शक थर धरलेला असतो. डांबर काळंच दिसतं, थर दिसत नाही. पुलावर चढण्याआधी वेग कमी, आणि पुलावर ना ब्रेक, ना रेस, ना लेन बदलणं.

सात अंशांच्या मुद्द्यावरून आठवलं. सांताक्रूझच्या वेधशाळेतली आजवरची सगळ्यात कमी नोंद ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ ची. टायर ज्या तापमानाला कडक व्हायला लागतं तिथपर्यंत मुंबईतली त्या दिवसाची थंडीही पोचली नव्हती. आपल्या कुणाच्या हाताला ही सवय असण्याचं कारणच नाही, त्यामुळे काकांचं विचारणं अगदी योग्य आहे.

---

रानमेवा | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. ती गाडी जमिनीपासून पाचेक इंच वर असते. फूटभर बर्फ पडलं तर पुढचा बंपरच नांगरासारखा बर्फ ढकलत जाणार आणि पोट टेकलं की चाकं हवेत. त्याला टायर काय करणार?

---

तुषारकण | ८ ऑक्टोबर, पहाटे ५:००

रानमेवा, हा मुद्दा खरा आहे आणि त्यावर इलाज नाही. रस्ता साफ झाल्याशिवाय त्या दिवशी गाडी काढायची नाही. सिरॅक्यूजला ओंटारियो सरोवरावरून वारा येतो. कॅनडातली थंड, कोरडी हवा त्यामानाने उबदार पाण्यावरून जाते, बाष्प उचलते आणि किनाऱ्यापलीकडे बर्फ म्हणून टाकते. एका अरुंद पट्ट्यात तासाला काही इंच पडतं आणि दहा मैलांवर ऊन असतं. पण तिथल्या लोकांची तयारीही तशीच असते, रस्ते लवकर मोकळे होतात. काका, तिला विचारा की ऑफिसला जायला बस आहे का, आणि घरून काम करायची सोय आहे का. ज्याच्याकडे "आज नाही काढत" म्हणायची सोय आहे त्याने ही गाडी जरूर ठेवावी. सोय नसेल तर रानमेवांचं ऐका.

गाडीत ठेवायचं: फावडं, कांबळं, हातमोजे, टॉर्च, पाणी, उणे तापमानातही न गोठणारं काच धुवायचं पाणी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करायचं. ते बुजलं तर विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. यातलं बाकी काही विसरली तरी हे विसरू देऊ नका.

रात्री उघड्यावर उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून अडकू शकतो. सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवायची. कापडी टपावरचं बर्फ मऊ ब्रशने काढायचं, आणि गोठलेला टप उघडायचा नाही.

---

वडाळाकर | ८ ऑक्टोबर, रात्री १०:२०

तुम्हा सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवून काढली आणि आज तिला फोनवर वाचून दाखवली, दीड तास. बस आहे, घराजवळूनच सुटते. घरून काम आठवड्यातून दोन दिवस करता येतं. चार टायर आणि १६ च्या रिम ती घेतेय. पोती टाकायची नाहीत हेही सांगितलं, गिअरचं आधी जे चुकीचं सांगितलं होतं तेही दुरुस्त केलं.

---

वडाळाकर | २५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मंडळी, कळवायचं राहू नये म्हणून लिहितो. तिकडे चार इंच बर्फ पडलं. रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, ती मैत्रिणीला घेऊन एका बंद दुकानाच्या पार्किंगमध्ये गेली, मालकाला आधी विचारून. मैत्रीण लांब कडेला उभी राहून फोनवर मला दाखवत होती. पहिल्या चार वेळा गाडी पूर्ण गोल फिरली. मला घरात बसून पाय दाबावासा वाटत होता. पाचव्यांदा मागचा भाग निघाला, स्टेअरिंग त्या बाजूला गेलं, परत सरळ आलं, आणि गाडी सरळ थांबली. मग तिने तेच वीस वेळा केलं. तिची आई स्वयंपाकघरातून विचारत होती की एवढ्या मोठ्याने "क्लच, क्लच" कोणाला ओरडताय.

तुषारकण ताई, उलट्या बाजूला फेकल्या जाण्याचं तुम्ही लिहिलं होतं, ते तिसऱ्या वेळी तसंच्या तसं झालं. माहीत होतं म्हणून ती घाबरली नाही.

---

पिस्टन | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

वा काका! आता एकच सांगा तिला. रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. वरळी-कुलाब्याला समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांची तळं मी रोज बघतो, त्याच्यापेक्षा ते वाईट. शून्याच्या वर तापमान गेलं की खालून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची, पंधरा दिवसांतून एकदा तरी. चाकांच्या कमानीच्या आतला चिखल विशेष.

---

वडाळाकर | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

काल तिकडे दिवसभर पडत होतं. सकाळी तिने खिडकीतून पाहिलं, गाडीची चाकं दिसत नव्हती. गाडी तशीच ठेवून ती बसने ऑफिसला गेली. चालकाच्या मागच्या सीटवर बसून त्याचे हात बघत होती म्हणे. मला फोन करून सांगितलं, "बाबा, तो थांब्याच्या कितीतरी आधीपासून ब्रेकला हलका पाय लावून येतो, अगदी तुमच्यासारखा."

गाडी आज दुपारी काढेल, रस्ता झाला तर.